ताण कुठल्या बाजूला

रात्रीचे सव्वादोन. डंडी.
समुद्रावरून धुकं नदीत शिरलंय,
पुलाचे दिवे एकेक करून पुसत चाललंय.
इथे या धुक्याला ‘हार’ म्हणतात.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, कुणाची?
विनोद कुणालाच कळला नाही.

तळघरात सूक्ष्मदर्शक
दर तीन मिनिटांनी डोळा उघडतो.
बशीत उंदराच्या मूत्रपिंडातली एक नळी,
केसाहून बारीक, सदतीस अंशांच्या उबेत.
तिच्या भिंतीतली एक पेशी
शेजारणींचे हात न सोडता
पाय पोटाशी घेतल्यासारखी गोल होते.
आत गुणसूत्रं रांगेला लागतात,
आणि तर्कू, म्हणजे आपली चातीच,
वळू लागतो.
थोडा डावीकडे. थांबतो. परत येतो.
झोप न येणारा माणूस
कूस बदलत राहतो तसा.

शाळेत बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, सूत्री विभाजन.
आकृतीला पाच गुण.
आम्ही इचलकरंजीची मुलं,
सूत, चाती, ऊती, सगळे शब्द घरचेच,
तरी मला वाटलं होतं की शरीर म्हणजे माग,
आणि विषय संपला.
इशबेल गेडिस म्हणाली, नाही गं.
मागाच्या बाहेर विणकर उभा असतो.
इथे बाहेर कुणीच नाही.
इथे धाग्यालाच ठरवावं लागतं.

इशबेल ही यंत्रं सांभाळते, चौतीस वर्षं.
तिची आई तागाच्या गिरणीत होती;
त्या खडखडाटात बायका हातांनी बोलायच्या.
इशबेल अजून तशीच बोलते.
दोन मुठी नळीच्या रेषेत एकीपुढे एक ठेवते:
अशी दुभंगली तर नळी लांब होते.
मग मुठी शेजारी शेजारी:
अशी दुभंगली तर रुंद.
त्याच्या पुढची खूण,
बोटं पसरून फुगा दाखवायची,
ती माझ्यासमोर करत नाही.

माझा भाऊ हेरंब
मंगळवारी आणि शुक्रवारी यंत्राला जोडलेला असतो.
सोनोग्राफीत त्याची मूत्रपिंडं
तासगावच्या द्राक्षांच्या घडांसारखी.
अण्णांचीही तशीच होती.
जनुकात एक अक्षर चुकलेलं,
आणि लांब व्हायच्या नळ्या फुगत गेल्या.
चाती कलली म्हणून?
असं एक म्हणणं आहे. सगळ्यांना पटलेलं नाही.
गुरुवारच्या बैठकीनंतर मलाही जरा कमी पटतं.

एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलंय:
ऊती ताणली की पेशी ताणाच्या दिशेने लांबते,
आणि बहुतेक वेळा त्याच दिशेला दोन होते.
जिथे ओढ, तिथे भर.
मग ओढ थोडी सैलावते.
त्वचेत कधी चाती मुद्दाम उभी राहते:
एक लेक खाली राहते,
दुसरी वर जाते, वाळते,
आणि वाळलेल्या अंगाने आपल्याला जगापासून राखते.

फोनवर हेरंब विचारतो, सापडली का दिशा?
मी म्हणते, अंश मोजतेय.
बेचाळीस. नऊ. एकवीस. सत्तर.
तो म्हणतो, सत्तरवालं माझं असणार.
हसतो. मग खोकतो.
मग विचारतो, तुझी तपासणी?
इथे रांग फार मोठी आहे, मी म्हणते.
रांग नाही.

दोन एक्केचाळीस.
पेशीच्या कमरेला आवळ पडते.
शेजारणी जरा जरा सरकतात.
अकरा अंश. मी रकान्यात लिहिते.

ही नळी निरोगी उंदराची
की दुसऱ्या,
मला माहीत नाही, असूही नये.
खूण इशबेलच्या वहीत आहे,
वही कपाटात,
आणि कपाटाची किल्ली
कुठे टांगलेली असते
ते मला माहीत आहे.