सर्वांत मंद पायरी

पेनरिथच्या दुकानात, तंबूंच्या मागे,
दिव्यांची एक अख्खी भिंत आहे.
कॅलम नावाचा पोरगा, नाकात बारीक रिंग,
विचारतो, किती ल्यूमेन हवेत?
चहात साखर किती, असं विचारावं तसं.

श्रीरंगला हजार हवेत.
त्याला अल्सवॉटरचा पलीकडचा काठ दिसायला हवा,
मेंढ्यांचे डोळे, गडग्यातला एकेक दगड.
पाण्यात पडला तरी चालतो, तो वाचून दाखवतो,
दीड मीटरवरून आपटला तरी चालतो.
मी म्हणते, आपण कॅम्पिंगला जातोय की कडेलोटाला?

डोक्याला बांधायचे दिवे मी हातात घेऊन ठेवून देते.
त्यांचं एक आहे,
ज्याच्याकडे बघावं त्याचेच डोळे दिपतात.
तंबूत दोन माणसं, दोघांच्या कपाळावर दिवे,
मग बोलायचं ते चेनकडे बघून.

हा कंदील उलटाही टांगता येतो, कॅलम सांगतो,
आणि टांगून दाखवतो.
दिव्याखाली अंधार ही म्हण
आठशे ग्रॅम प्लास्टिकनं निकालात काढली.
त्याला हे सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

मला आठवतात नोव्हेंबरातले ते चार दिवस.
वादळानं शॅपकडची अख्खी लाइन झोपवली होती.
घरात एकच टॉर्च, तिच्यात
सेल फुटून हिरवट मीठ साचलेलं.
एका हातात मोबाइल धरून पोळी लाटली
तर ती कुठल्या देशाच्या नकाशासारखी होते
हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या रात्री डोरीन टायसनकडे गेले,
वय सत्त्याऐंशी, आमच्या भिंतीला भिंत.
मोबाइलमध्ये नऊ टक्के.
वाटलं, गोळ्यांच्या डबीवर बुधवार आहे की गुरुवार
एवढं तरी तिला दाखवून यावं.
ती कोट घालून खिडकीशी बसलेली,
मांडीवर गरम पाण्याची पिशवी, केव्हाच गार झालेली.
गोळ्या? बोटांनी मोजल्या, म्हणाली.
जिना मला अठ्ठावन्न वर्षं ओळखतो.
आणि ते आधी बंद कर बाई,
डोळ्यांना अंधार लागायला अर्धा तास गेला माझा.

मी बंद केला.
आधी काहीच नव्हतं. मग तिच्या केसांची कडा.
मग को-ऑपच्या छपरावर,
जिथे एरवी नारिंगी धुरकट उजेड असतो,
तिथे इतके तारे
की मला जरा लाजच वाटली,
अकरा वर्षं या गल्लीत राहून.

आई म्हणायची, दिवा विझव म्हणू नये,
मालव म्हणावं.
त्या रात्री मी मोबाइल मालवला होता
असं म्हटलं तर चालेल का, कोण जाणे.

तर मी कॅलमला विचारते, सर्वांत मंद किती?
तो बटण दाबून धरतो,
कंदील उतरत उतरत येतो, पाच ल्यूमेनवर थांबतो.
यावर तीनशे तास चालेल, म्हणतो,
पण ही पायरी कोणी वापरत नाही.
आणि हा लाल. याच्यानं अंधाराची सवय मोडत नाही.

श्रीरंगनं हजारवाला घेतलाच.
घरी येऊन मागच्या दारातून एकदा मारून बघितला,
टायसनबाईंच्या पडद्यामागून
मूठ हलताना दिसली.

लालवाला मी त्यांच्या जिन्याशी खिळ्याला अडकवून आले.
लागणार नाही, त्या म्हणाल्या. राहू दे, मी म्हटलं.
आमचे सेल काढून दह्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत,
झाकणावर तारीख, मराठीत.
कंदील कुठे ठेवलाय ते मात्र
अंधारात उठून दोनदा चाचपून पाहिलं.
दुसऱ्यांदा गुडघा खुर्चीला लागला.