डोळा केवढा

औलू. जानेवारी. तीन वाजायच्या आतच
उजेडाने आवराआवर सुरू केलेली.
इर्मेलीच्या पडद्यावर कंपायलरची एकच ओळ:
असेंब्लीतली अट अशक्य.

अकरा वर्षांपूर्वी तिने
सी-च्या मऊ मजकुरात शिवल्या होत्या
चार कडक ओळी, थेट प्रोसेसरच्या बोलीत.
बर्फात अडकलेल्या बोयाच्या दिव्याला
नाडी देण्याआधी किती ठोके थांबायचं, एवढ्यापुरत्या.
सदतीस.
ही संख्या मेमरीतून आणायची नाही,
रजिस्टरात ठेवायची नाही,
सूचनेच्याच पोटात हवी,
पाचवीला पुजलेली.

"सदतीसच तर पाठवतोय आपण,"
रास्मुस म्हणतो. सकाळी त्यानेच
ऑप्टिमायझेशन बंद केलंय, भलताच एक बग हुडकायला.
"काल चालत होतं."

काल चालत होतं, कारण काल
कंपायलर फंक्शनची भिंत पाडून
आत डोकावत होता,
न सांगता समजून घेत होता.
आज सांगितलं तेवढंच ऐकतो.
दारातून आलेली संख्या त्याच्या लेखी पाहुणी:
आज सदतीस, उद्या कोण जाणे.

"म्हणजे अकरा वर्षं
मी त्याच्या शहाणपणावर जगले,"
इर्मेली म्हणते,
"आणि त्याला स्थिरांक म्हणत राहिले."

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
जुनिपरच्या लाकडाची एक पट्टी असते.
यालमारीची, तिच्या वडिलांची.
हैलुओतो बेटावर, स्टोव्हच्या उबेला बसून
जाळ्याचा डोळान् डोळा तो
हिच्यावरून ओवायचा.
मासे किती लागतील, विचारलं
तर खांदे उडवायचा: ते पाणी ठरवेल.
डोळा केवढा, ते इथं.
एकदा पाण्यात उतरलं
की जाळ्याला अक्कल नसते,
नुसती भोकं असतात.

मग तिने संख्या दारातून आणलीच नाही.
मॅक्रो केला. वर टीप लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली: हे किनाऱ्यावरच ठरतं.
रास्मुसने दोन्ही तऱ्हांनी बांधून पाहिलं,
हुशारी चालू ठेवून, बंद ठेवून.
दोन्हीकडे सदतीस.

खुशीत त्याने पट्टी उचलली,
कॅलिपरच्या जबड्यात धरली.
"पंचेचाळीस म्हणालीस ना?
साडेचव्वेचाळीस भरतेय.
सुताने झिजलीय."

इर्मेली काही बोलली नाही.
पट्टी घेतली,
कागदांवर परत ठेवली,
झिजलेली कड
भिंतीकडे करून.