चौथी किंगरी

सेलूला स्टेशन रोडवर माझं दुकान:
मोटार रिवायंडिंग, पंखे, मिक्सर.
शटर पडलं की मागच्या पडवीत
मी किंगरी करत बसतो.
तीन झाल्या. तिन्ही मुक्या.

पहिलीला तांब्याची तार लावली,
माझ्याकडं किलोनं असते.
तांबं सोशिक. ओढाल तसं लांबत जातं,
बोलत नाही.

दुसरीची करवंटी काचेच्या तुकड्यानं
रात्री दीडपर्यंत घासली,
इतकी, की उजेडाकडं धरली तर
आत बल्ब दिसला, लालसर,
पंजामागं धरलेल्या बॅटरीसारखा.
सकाळी तडा.

तिसरीवर कातड्याच्या जागी
अप्पांच्या छातीचा एक्स-रे ताणला.
घरात तेवढीच फिल्म होती,
दुसरं कारण नाही.
"कामून असं करता?" बायको म्हणाली.
गज फिरवला
तर बरगड्यांत माशी अडकली.
काढला, पुसला, पाकिटात ठेवला
नावाची बाजू वर करून.

चौथीला शेळीचं कातडं, चुन्यात भिजवलेलं,
दोन दिवस शेजारी खिडकी लावून बसले.
गजाला केस इनूसभाईंच्या घोडीचे.
"पन्नास घे, मोजून," ते म्हणाले,
"शेपटी विरळ दिसली
की नवरदेवाचा बाप भाव पाडतो."
मी एक्कावन्न घेतले.
घोडीनं पाहिलं.

वालूरचे दगडूनाथ येऊन गेले.
हात आता कापतो त्यांचा, चहा बशीत कमी, मांडीवर जास्त.
किंगरी कानाशी धरली, वाजवली नाही.
"बेरिंग गेलेलं कळतं ना तुला आवाजावरून?
मग हिचं काहून कळंना?"

काल रात्री सूर लागला.
खरंच लागला, अंगावर काटा आला,
आणि तेवढ्यात लाइट गेली.
गज तसाच चालू होता
आणि सूर एकदम पोरका,
कुठंच न बसणारा.
तेव्हा कळलं:
इतके महिने मी
फ्रिजच्या घुंघुंशी तार जुळवत होतो.

अंधारात खुंटी चाचपली.
दूर मालगाडी. कुणाचा तरी खोकला.
मग तेही नाही.
पहिल्यापासून सुरुवात केली.

लाइट आली तसा उठलो
आणि फ्रिजचं बटण बंद केलं.

सकाळी बायकोनं न बोलता
नासक्या दुधाचं पातेलं समोर आणून ठेवलं.
खुंटी रात्रीतून
अर्धा पेर सरकली होती.