अकरा शेअर

फर्वानियाच्या डायलिसिस वॉर्डात
माझ्याकडे खाट नंबर सहा.
रविवार, मंगळवार, गुरुवार, दुपारी तीन ते सात.
फवाज. वय वर्षं अकरा.
डाव्या हातात दोन सुया
आणि उजव्या अंगठ्यावर चाललेला खेळ.

दिवसाला अर्धा लिटर पाणी, वर एक घोट नाही.
आणि खेळात हा पोरगा विहिरी खणायचा.
पाट काढायचा, बांध घालायचा,
टेकडीखालच्या कोरड्या गावाला पाणी पाजायचा.
मशीन घरघरत असायचं, रक्त नळीतून जाऊन यायचं.
मान वर न करता एकदा म्हणाला,
"सिस्टर, तुमच्या गावात विहीर आहे?"
आहे म्हटलं, माझ्या मोडक्या अरबीत.
"किती खोल?"
साठ फूट. दिलं ठोकून.
त्याने लगेच साठ फूट खणली.

त्या रात्री पडल्या पडल्या
मी कंपनीचं नाव शोधलं.
मिरजेत नर्सिंग करताना शेअर म्हणजे
दोघींत एक डबा, एवढंच ठाऊक.
ब्लेसीने ॲप घालून दिलं.
तिकडचा बाजार आमच्या साडेचारला उघडतो,
म्हणजे त्याच्या दुसऱ्या तासात,
बीपी उतरायची वेळ.
एका हाताने कफ बांधला,
दुसऱ्याने अकरा शेअर घेतले.
एकशे अठ्ठावीस दिनार.
दोन महिन्यांचा ओव्हरटाइम.

भाऊ फोनवर हसला.
"तासगाव रोडला प्लॉट घे म्हणतोय मी,
आणि तू उंटांच्या देशात बसून शेळ्या हाकतेस?
पोरांच्या खेळण्यात कोण पैसे घालतं?"
त्याला काय सांगू,
की ताळेबंद मी सुईपाशी उभं राहून वाचलाय.
तहानलेलं पोर चार तास पाणी मागत नाही.
असला धंदा बुडतो होय?

मग एका गुरुवारी त्याचा बाप आला,
खैतानमध्ये शिवणकाम करणारा, बोटाला अजून दोरा.
मोबाइल पुढे केला.
साडेनऊ दिनार कापले गेले होते.
निळे थेंब, नव्वदची पिशवी.
पोराने खेळातलं पाणी विकत घेतलं होतं.
मी म्हटलं, लहान आहे, जाऊ द्या.
म्हणताना जीभ टाळ्याला चिकटली.
ह्यातले माझे किती फिल्स?
अकरा भागिले कितीतरी कोटी,
शून्यांमागून शून्यं,
आणि पार शेवटी एक आकडा.
होताच तो.

शेअर चढत राहिला.
मी कुणाला बोलले नाही.

फेब्रुवारीत त्याच्या आत्याने किडनी दिली.
खाट सहावर आता एक आजोबा असतात,
चारही तास घोरतात.

मे महिन्यात कंपनीचा तिमाही अहवाल आला:
रोज खेळणाऱ्यांची संख्या घटली आहे.
कारणं चार दिली होती. स्पर्धा, सुट्ट्या,
चलनाचा दर, आणखी काहीतरी.
पाचवं कारण त्यांना माहीत नव्हतं.
ब्लेसी म्हणाली, वीक बाई, अजून पडेल.

त्याच आठवड्यात औषधांच्या खिडकीपाशी
मागून कुणी ओढणी ओढली.
गाल भरलेले, स्टेरॉइडचे.
हातात लिटरची बाटली, निम्मी संपलेली.
माझ्यासमोर तोंड लावून घटाघटा प्यायला,
हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला,
पुसलाही नाही.
मी विचारलं, "गावाचं काय झालं रे?"
"कुठलं गाव?"

ड्यूटी संपवून बस स्टॉपवर ॲप उघडलं.
लाल. घेतल्या भावाच्या खाली
चोवीस दिनार.
उन्हात उभी राहून मी तो आकडा
दोनदा वाचला, गोड बातमी वाचावी तसा.

विकले नाहीत अजून.
भाऊ विचारतो, ठेवून काय करणार?
काय करणार.
साठ फूट विहीर आहे माझी त्यात,
आणि पाणी काढायला
कुणी येत नाही.