हातचा

तिमाही संपायला अकरा दिवस.
शिन्चूत वारा सुटलाय, नेहमीसारखा आडदांड,
आणि माझ्या तक्त्यातला एक चौकोन अजून रिकामा :
पुढच्या वर्षीची विक्री.

कंपनी ताकास तूर लागू देत नाही.
म्हणून मी दिसेल ते मोजते.
तीन नंबरच्या गेटबाहेरच्या स्कूटर,
पाणी आटलं की येणारे टँकर,
रात्री दोनला पेटलेल्या खिडक्या,
आणि फंगबाईंचे डबे.

फंगबाई चिपच्या कारखान्यात रात्रपाळीला जेवण पुरवतात.
भात, कोबी, सोया सॉसमध्ये मुरलेलं अंडं, डुकराची एक चाप.
मार्चमध्ये चारशे वीस डबे. जूनमध्ये तीनशे नव्वद.
काल दोनशे शहाऐंशी.
"अंडी उरायला लागलीत गं," त्या म्हणाल्या
आणि एक माझ्यापुढे सरकवलं.
ते खाता खाता मी शेअरमागची कमाई
दीड डॉलरने खाली आणली.

ओउयांग साहेबांनी विचारलं, आधार काय?
अंडी, असं कसं सांगणार.
म्हटलं, पुरवठा साखळीतले संकेत.
त्यांनी मान डोलावली. अहवाल गेला.

निकाल लागला.
माझा आकडा दशांशापर्यंत बरोबर :
विक्री कमी, नफा कमी, गोदामात माल पडून.
सकाळी नऊला बाजार उघडला
आणि शेअर सात टक्के वर.
लोकांना म्हणे याहून वाईटाची भीती होती.
मी पडद्याकडे बघत राहिले.
शाळेत हेच व्हायचं माझं,
बेरीज चोख,
हातचा विसरलेला.

रात्री गेले तेव्हा फंगबाई शटर ओढत होत्या.
काउंटरवर एक डबा, रबर बँड लावलेला,
वर उलटी ताटली, मांजर येतं म्हणून.
कुणाचा?
"आहे एक पोरगा. ऑर्डर कधी देत नाही.
येतो एकला, नाहीतर तीनला,
गालांवर मास्कचे वळ घेऊन."
आणि नाही आला तर?
त्यांनी हात पुसले, सावकाश, एकेक बोट.
"गेल्या महिन्यात नऊ दिवस नाही आला.
हा मोजू नकोस तू."

मी वही मिटली.
बाकावर बसले त्यांच्या शेजारी.
वारा अर्धं शटर बडवत होता.
दोनला पाच कमी.