परतीचा माल

देवास नाक्यावर बिल्टी फाडते मी, एकवीस वर्षं.
पाठवणार, घेणार, नग, वजन, भाडं,
आणि तळाला आडवा शिक्का:
माल मालकाच्या जोखमीवर.

म्हणून निनादने फोनवर ती यादी दाखवली
तेव्हा ती मला वाचता आली.
भाच्याला वाटलं, मावशी रॉकेट बघेल.
मी वजनं बघितली.
पाणी. प्राणवायू. गाळणीचा एक पंप.
मुळ्याचं बी. चाळीस उंदीर, जिवंत.
सफरचंदं, लिंबं, कांदे,
आणि कुणाच्या तरी मुलीने विणलेला मोजा.
एकच. जोडीचा तिच्याकडे.

एकूण साडेतीन टन.
आमच्या आयशरमध्ये मावेल, वर ताडपत्रीलाही जागा उरेल.
कंपनीही खासगीच, ठेका घेतलेली, खेपेवर बिल.
भाडं किलोला किती ते कैलास हमालाला सांगितलं
तर तो पाठीवरचं पोतं न उतरवताच उभा राहिला.
"म्हणजे मी कितीला पडेन?"
"शेठ विकले तरी पुरणार नाहीत."
"मग खालीच बरा मी, हौ."

परवा संध्याकाळी सात बाराला गच्चीवर गेलो.
शेजारच्या टाकीमागून मोठा ठिपका निघाला
आणि बोटभर अंतर सोडून, एक बारका.
लुकलुकत नव्हता. घाईतही नव्हता.
"तेच मालाचं यान. उद्या पोचेल."
चारएक मिनिटं. मग सावलीत शिरून
आधी मोठा विझला, पाठोपाठ बारका.

मी विचारलं, परतताना काय आणतं?
धंद्याचा प्रश्न. गाडी रिकामी आली की डिझेल अंगावर पडतं.
आमचा रमजान गुवाहाटीत दोन-दोन दिवस
चहा पीत बसतो परतीच्या मालासाठी.
निनाद म्हणाला, कचरा.
घामट कपडे, जेवणाची रिकामी पाकिटं, बिघडलेला पंप,
काठोकाठ भरतात, दार लावतात, सोडून देतात.
हवेत शिरताना जळतं सगळं,
लांब कुठल्या समुद्रावर.
गाडीसकट?
गाडीसकट.

रात्रभर तेवढाच शब्द.

मागे एक खेप वाटेतच फुटली म्हणे.
वर कुणाचं अडलं नाही,
काही महिन्यांचा साठा असतो त्यांच्याकडे.
त्या एप्रिलात आमच्याकडे चाळीस मिनिटांचा होता.
पीथमपूरहून सिलिंडर निघाले, अकरा नग.
बिल्टी मीच फाडली होती.
अकराव्या नगापुढे, घेणार: विवेक टेंबे.
गाडी पोचली. वेळेवर नाही, पण पोचली.
पोच पावती परत आली ती फाइलला आहे,
सहीची जागा कोरी.

आज सकाळी कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत.
ओला दिला, सुका दिला,
आणि पिशवीतून काढला मास्क, नळी,
सिलिंडरच्या तोंडावरचा तो काट्याचा डबा.
गाडीवरची पोरगी नवीन, हातमोजे तिला मोठे.
"ताई, हे कशात?"
या शहरात याचं उत्तर
शाळेतलं पोरही झोपेत देतं.
मी म्हटलं, थांब जरा.
मागे दुधवाला हॉर्न देऊ लागला.
पदराने काच पुसली. काटा शून्यावर.

वर आत्ता कुणी कांदा कापत असेल.
डोळ्यांतलं पाणी तिथे खाली पडत नाही,
निनाद सांगत होता,
तिथेच थबकून फुगत राहतं.

"ताई?"

नळी घे, म्हटलं. मास्कही.
काट्याचं राहू दे.
ते चालतं अजून.