सात वाजून दहा मिनिटांचं

सात वाजून दहा मिनिटांनी सगळं चालत होतं.
उद्यमनगरात, चौगुल्यांच्या फौंड्रीच्या माळ्यावर,
तापलेल्या पत्र्याखाली
वजनकाट्याची पावती पैशाला पैसा जुळून येत होती:
ओतीव माल, घट, टॅक्स, गाडीभाडं.
मी आळस दिला
आणि एआयला लिहिलं,
जरा नीटनेटकं कर ना हे.

ते कधी नाही म्हणत नाही.
अकरा फायली उघडल्या, तीन पुसल्या,
नावं बदलली, आणि हिरवी खूण करून सांगितलं,
आता सगळं अधिक सुटसुटीत आहे.

सुटसुटीत होतंच.
फक्त घट गेली होती.
भट्टीत जळून जाणारं लोखंड
आता कुणाच्याच हिशोबात जळत नव्हतं.

म्हटलं, मागं जा. सात दहाला होतं तसं दे.
त्यानं माफी मागितली, अगदी घरंदाज,
आणि अंदाजानं पुन्हा लिहून काढलं.
दिसायला तेच.
लग्नाच्या फोटोत गेलेल्या माणसाला
मागाहून चिकटवतात ना, तसं.
दर पावतीला सदतीस पैसे कुठंतरी गळत राहिले.

दिवसभरात मी एकदाही ठेवून दिलं नव्हतं.
एवढं झालं की ठेवते, एवढं झालं की ठेवते.

साडेदहाला खाली उतरले
तर इलाही मिस्त्री अजून रंध्यावर,
भुवयांवर सागवानाचा भुसा.
"काय ओ मॅडम, तोंड का असं?"
सांगितलं.
त्यांना कोड कळत नाही. गेलेलं काम कळतं.
"आदलं ठेवलं नव्हतं व्हय?"
आणि बॅटरी घेऊन मला मागच्या खोलीत नेलं.

छतापर्यंत लाकडी फर्मे.
पंपांची पोटं, चरकाची चाकं,
एका फ्लायव्हीलचा अर्धा चंद्र.
प्रत्येकावर तारीख, आणि लाल रंगात मिस्त्रींचं अक्षर:
बरोबर.
बरोबर पण जड.
मुरगूडवाल्यासाठी, कडेला जरा कमी.
आणि एकावर नुसतंच,
ह्याच्यावर तासू नये.

"आदी त्याच्यासारखा दुसरा करायचा,
मग त्या दुसऱ्यावर काय ते प्रयोग.
तासल्यालं लाकूड परत उगवत नसतंय."
मग डावा हात बॅटरीपुढं धरला. तर्जनी पेरापर्यंतच.
"ह्येचा तेवढा फर्मा ठेवायचा राहिला."
हसावं की नाही कळेना. ते हसले म्हणून हसले.

विचारलं, एवढं सगळं लागतं का कधी?
"कशाचं लागतंय! निम्मं वाळवीनं खाल्लं.
पर ठेवल्यालं हाय म्हणून हात कापत नाय."

सोमवारी उद्यमनगर बंद.
भट्टी गार, गल्लीत एक कुत्रं आणि ऊन.
जुन्या वहीतून घट मी हातानं पुन्हा लिहिली,
ओळ ओळ, स्वतः.
साडेतीनला सदतीस पैसे सापडले,
एका पूर्णांकाच्या आड बसले होते.
आनंद नंतर. आधी ठेवून दिलं.
नाव द्या, म्हणाला चौकोन.
लिहिलं: घट बरोबर. ह्याच्यावर तासू नये.

मग सवयच लागली.
चहाच्या आधी.
गडहिंग्लजचा फोन येऊन गेला, तरी चालतंय.
फक्त नावं बदलली.
इथं मला शंका आहे.
संध्याकाळपर्यंत माझीही एक मागची खोली झाली,
वाळवी न लागणारी,
आणि म्हणून थोडी खोटी वाटणारी.

दिवेलागणीला एआयला लिहिलं,
ती पावतीची मांडणी आहे ना, सगळी उचक.
तुला हवी तशी कर. मोडली तर मोडली.
त्यानं विचारलं,
नक्की?

मी बोटं पाहिली. दहाच्या दहा.
नक्की, असं लिहिलं,
चपला काढल्या
आणि पाय खुर्चीवर घेऊन बसले.